नांगर विकता विकता

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी कराड मागे टाकून ताकारीच्या पुढे आली की किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पलूस तालुक्यातलं हे स्टेशन. जुनं नाव कुंडल रोड. आजूबाजूला ऊस, द्राक्षबागा आणि पंपांचा कारखाना. किर्लोस्कर म्हटलं की बहुतेकांना पंपच आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. पण शंभर वर्षांपूर्वी याच स्टेशनावरून नांगर आणि चरकांच्या जोडीने आणखी एक माल बाहेर पडायचा. छापलेला कागद. व्यापार कसा करावा, शरीर कसं राखावं, रूढी कुठे मोडावी, लग्नात बाईचा वाटा किती, असल्या विषयांवरचं लिखाण इथे एका कारखान्याच्या आवारात छापलं जायचं आणि टपालाने मराठी घरांत पोचायचं.

या प्रकारच्या लिखाणाला मराठीत धड नावसुद्धा नाही. ‘ललितेतर’ म्हणतात, म्हणजे जे ललित नाही ते. एखाद्या माणसाची ओळख ‘जोशांच्या शेजारचे’ अशी करून द्यावी तसं. मराठी वाचक कविता-कादंबरीवर मनापासून प्रेम करतो. पलूस तालुक्यातच औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं आणि लोक ते प्रेमाने जपतात. माहितीच्या, विचारांच्या, आरोग्याच्या पुस्तकाला मात्र अजूनही ‘अभ्यासाचं’ समजून बाजूला ठेवतात. म्हणूनच हे दुय्यम मानलं गेलेलं लिखाण लोकांनी एका काळी पैसे भरून, वाट बघून वाचलं ते कसं, हे बघण्यासारखं आहे. त्याची सुरुवात होते एका न खपणाऱ्या नांगरापासून.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, कारण तिथे रेघ लागते, रंग लागत नाही. मुंबईत यंत्रशाळेत शिकवलं, बेळगावला सायकलींचं दुकान काढलं, आणि मग लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण घेणारं कोणी नव्हतं. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणायचे. पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात.

शेतकऱ्याला मूर्ख ठरवणं सोपं होतं. पण ज्याचं सगळं पोट एका तुकड्यावर आहे, त्याने अनोळखी वस्तूवर शंका घेतली तर त्यात वेडेपणा कसला? ती शंका दूर करायची तर नांगर त्याच्या रानात नेऊन चालवून दाखवायला हवा, नाहीतर कागदावर चित्र काढून समजावायला हवं. किर्लोस्करांच्या धंद्याला विक्रीसाठी आधी समजावून सांगावं लागलं. पुढचं सगळं छापकाम या गरजेतून वाढलं, असं मला वाटतं.

बेळगावातली जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध हे जेमतेम बहात्तर गावांचं संस्थान, तेही एकसलग नव्हे. काही गावं औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ त्यांनी लक्ष्मणरावांना दिला. निवडुंग आणि साप एवढंच तिथलं पीक. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे कामावर घेतलं गेलं, आणि शिवाशिव पाळायची नाही असा वसाहतीचा रिवाज ठेवला गेला. १९१० च्या सातारा मुलुखात ही साधी गोष्ट नव्हती.

काही वर्षांनी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव तिथे आले. शंकर वासुदेव किर्लोस्कर, जन्म १८९१. वाचक त्यांना ‘शंवाकि’ म्हणून ओळखायचे. हेही मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, आणि शिकले कुठे तर लाहोरला, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांकडे. वेदांची भाषांतरं करणारे म्हणून आपल्याला माहीत असलेले सातवळेकर तेव्हा लाहोरमध्ये चित्रकार म्हणून स्टुडिओ चालवत होते. शंकररावांकडे कारखान्याच्या जाहिरातींचं काम आलं. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नावच सांगतं की ही कंपनीची बातमीपत्रिका होती. मालाची माहिती, कारखान्याच्या घडामोडी, गिऱ्हाईकांशी दोन गोष्टी. आजच्या भाषेत ‘ब्रँडेड कंटेंट’ म्हणा हवं तर.

पण ही पत्रिका बातमीपत्रिका राहिली नाही. नांगर घेणाऱ्याला नांगराबद्दल सांगायचं, तर शेतीबद्दल सांगावं लागतं. शेतीबद्दल सांगताना कर्जाबद्दल, कर्जाबद्दल सांगताना लग्नातल्या खर्चाबद्दल. लग्नाचा विषय निघाला की हुंडा, बालविवाह, विधवा, जात हे सगळं मागोमाग येतंच. ‘खबर’चा विषय असा आपोआप पसरत गेला. सावरकरांच्या भाषाशुद्धीचा बोलबाला असलेल्या त्या काळात ‘खबर’ हा फारसी शब्दही पुढे गळला आणि मासिक नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. ऑगस्ट १९३० मध्ये ‘स्त्री’ सुरू झालं, १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’. तिन्ही मासिकं एका खेड्यातल्या कारखान्याच्या छापखान्यातून निघत. ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर हेही इथल्या संपादन खात्यात होते.

शंकररावांनी स्वतः ‘व्यापाराचे व्याकरण’, ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ अशी पुस्तकं लिहिली. आज अशी शीर्षकं बघून आपण हसतो, कारण ‘श्रीमंत व्हा’ छापाच्या पुस्तकांनी विमानतळांची दुकानं भरली आहेत. पण ज्या मध्यमवर्गीय मराठी घरात धंदा म्हणजे हलकं काम आणि सरकारी नोकरी म्हणजे मोक्ष अशी समजूत होती, तिथे व्यापाराला ‘व्याकरण’ असतं, म्हणजे तो शिकता येतो, असं म्हणणं नवं होतं. चुलत्याचं चरित्रही त्यांनीच लिहिलं, ‘यांत्रिकाची यात्रा’. आणि हातातली पेन्सिल सोडली नाही. त्यांची व्यंगचित्रं ‘टाकाच्या फेकी’ नावाने लोकांना माहीत होती. रूढीवर दहा पानी लेख लिहिला तर वाचणारा जांभई देतो. चित्रात भटजी, यजमान आणि कर्जाचा कागद एकत्र काढला की काम होतं. शंकररावांना हे पक्कं कळलेलं होतं.

वाचकाला बोचेल असंही हे मासिक छापायचं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या आणि राजकारणात भाग घ्यायला बंदी असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये येत. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिची पूजा करू नका, असं सांगणारे. पोथीत काय लिहिलंय यापेक्षा आज काय सिद्ध झालंय ते बघा, असं म्हणणारे. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो (माझंही फार सौम्य नाही), हे निबंध नुसतं नाव ऐकून नाकारता येत नाहीत आणि डोक्यावरही घेता येत नाहीत. ते वाचावेच लागतात. गंमत म्हणजे त्यांचं नाव घेणारे आज सर्वात कमी उद्धृत करतात ते हेच निबंध.

संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे वेगळंच प्रकरण. हेही चित्रकार! त्यांनी ‘चित्ररामायण’ काढलं. अजिंठ्याला चित्रकार नेऊन भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करवल्या, आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा १९१८ मध्ये एक लाख रुपये देण्याचं आश्वासन यांचं. आपलं महाभारत सचित्र असावं हा त्यांचा हट्ट होता. ती आवृत्ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडलं. तोवर राजेही नव्हते आणि संस्थानही नव्हतं. औंधला जाल तेव्हा त्यांचं भवानी संग्रहालय बघा. राजा रविवर्म्याच्या चित्रांसोबत तिथे हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा आहे.

पण जगभर पोचलं ते त्यांचं आरोग्यावरचं पुस्तक. बाळासाहेब रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि इतरांनाही घालायला लावायचे. संस्थानाच्या शाळांत त्यांनी ते सुरू केले, पुस्तक लिहिलं, आसनांची छायाचित्रं छापली. पुढे १९३८ मध्ये लंडनहून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने ते इंग्रजी वाचकांपुढे आलं. संपादन लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंचं. आज कुठल्याही शहरातल्या योगवर्गात ‘सन सॅल्युटेशन’ करताना लोकांना वाटतं, हे पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे. आधुनिक योगाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक वेगळं सांगतात. मार्क सिंगल्टनचं ‘योगा बॉडी’ (२०१०) आणि इलियट गोल्डबर्गचं ‘द पाथ ऑफ मॉडर्न योगा’ (२०१६) वाचा. सूर्यनमस्काराला आजच्या ओळखीच्या व्यायामाचं रूप देऊन तो प्रकार लोकप्रिय करण्यात औंधच्या या राजाचा मोठा हात होता. नमस्कार त्याआधीही होतेच. तालमीत आणि देवळात घातले जात होते. राजाने त्यांचा क्रम छायाचित्रांसह कागदावर मांडला, म्हणजे गुरू समोर नसतानाही माणूस घरी ते करू शकेल.

त्या पुस्तकातले सगळे दावे आज मान्य करायचे का? मुळीच नाही. नमस्काराने अमुक रोग बरा होतो, मंत्रातल्या अक्षरांनी तमुक अवयव जागा होतो, असल्या गोष्टींना पुरावा लागतो, आणि राजेसाहेबांकडे होता तो स्वतःचा अनुभव. नियमित व्यायामाचा फायदा वेगळा आणि मंत्राचा दावा वेगळा. हे दोन वेगळे करून वाचायला शिकणं हेच आरोग्याच्या पुस्तकाचं वाचन. मोबाईलवर रोज सकाळी येणारा काढ्याचा निरोप वाचतानाही तेच लागतं.

औंधमध्ये तेव्हा तिसरा छापखानाही चालू होता, सातवळेकरांचा. लाहोर सोडून ते औंधला येऊन राहिले, स्वाध्याय मंडळ काढलं आणि वेदांच्या संहिता, भाषांतरं, गीतेवरची टीका, आसनांवरची पुस्तकं छापत राहिले. ज्ञान कुणी वाचावं, कुणी ऐकूही नये याचे नियम शतकानुशतकं पाळलेल्या समाजात वेद छापून विकायला ठेवणं ही लहान गोष्ट नव्हे. त्यांचा अर्थ लावण्याचा ढंग श्रद्धाळू होता, हेही खरं.

आता हे चौघे शेजारी उभे करून बघा. एकाला रंग दिसत नव्हते म्हणून तो यंत्राकडे गेला. एक व्यंगचित्रं काढायचा, एक अजिंठ्याच्या नकला करवायचा, एक लाहोरचा स्टुडिओ सोडून वेद छापायला बसला. विचारांनी चौघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. पोथी बाजूला ठेवा म्हणणारं मासिक ज्या जमिनीवर छापलं जात होतं, ती जमीन मंत्र म्हणत नमस्कार घालणाऱ्या राजाने दिली होती. तरी त्यांच्यात एक सारखेपणा सापडतो. चौघांचाही हात चित्रकलेत तयार झाला होता, आणि चौघांनाही एखादी गोष्ट ‘अशी असते’ हे दाखवून द्यायची सवय होती. नांगराचा फाळ, नमस्काराची दहा रूपं, कर्जाचा कागद. मराठीतलं माहितीपर लिखाण एरवी व्याख्यानाच्या सुरात जातं आणि वाचक मागच्या बाकावर झोपतो. या पट्ट्यातलं लिखाण तसं झालं नाही याचं श्रेय मी पेन्सिलीला देईन.

पैशाची बाजूही बघायला हवी. मुंबईत र. धों. कर्वे त्याच काळात संततिनियमनावर लिहीत होते. १९२१ मध्ये त्यांनी केंद्र काढलं, १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ पुस्तक आणलं, प्राध्यापकी सोडावी लागली, जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं ते १९५३ मध्ये मरेपर्यंत. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांच्या पाठीशी पत्नी मालतीबाई होत्या आणि फारसं कुणी नव्हतं. ‘किर्लोस्कर’च्या पाठीशी कारखाना होता, एजंटांचं जाळं होतं, जाहिराती होत्या. म्हणून ‘किर्लोस्कर’ हजारो घरांत गेलं. पण घराघरांत जायचं म्हणून त्याला काही गोष्टी सांभाळूनही म्हणाव्या लागल्या. कर्व्यांना सांभाळायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ते उघड बोलले. धाडस कुणाचं मोठं विचाराल तर मी कर्व्यांचंच म्हणेन. कुणामुळे जास्त घरांत फरक पडला, याचं उत्तर मात्र तितकं सरळ नाही.

पण ‘घराघरांत’ म्हणजे कुणाच्या घरात? १९३१ च्या जनगणनेत भारतात शंभरातली दहा माणसंही साक्षर नव्हती. ज्या शेतकऱ्याच्या शंकेतून हा सगळा उद्योग सुरू झाला, त्याच्या हातात नांगर पोचला, मासिक बहुतेक वेळा पोचलं नाही. ते पोचलं शिक्षकांकडे, कारकुनांकडे, वकिलांकडे, त्यांच्या बायका-मुलींकडे. सुधारणेची भाषा बोलणारा हा वर्ग बराचसा ब्राह्मण आणि शहरी होता. त्याच १९१० साली नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ चालवू लागले होते. पुढे ते तरवडीहून निघायचं. सत्यशोधक विचारांचं, शेतकऱ्याच्या बोलीत, सावकार आणि भटजींना थेट नावाने हाक मारणारं पत्र. पन्नासहून जास्त वर्षं ते चाललं. त्याच्याकडे कारखाना नव्हता आणि गुळगुळीत मुखपृष्ठही नव्हतं. मराठी नियतकालिकांचा इतिहास सांगताना ‘किर्लोस्कर’ला जितकी पानं मिळतात, तितकी ‘दीनमित्र’ला मिळत नाहीत. ही तफावत मला खटकते.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता म्हणून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. जिथे शिवाशिव नाकारली गेली होती, आजूबाजूच्या गावांतली माणसं जिथे कामाला होती, तोच कारखाना. त्याच वर्षी सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. जाळपोळीचं समर्थन होऊ शकत नाही. पण अठ्ठावीस वर्षं सुधारणेचं मासिक छापून, शेजारच्या गावातल्या माणसाला ते मासिक आपलं का वाटलं नसेल, हा प्रश्न त्या राखेतून काढून टाकता येत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. मासिकं पुढे पुण्याला गेली.

‘स्त्री’चं पुढचं आयुष्य जास्त रंजक आहे. पुण्यात विद्या बाळ तिथे संपादक झाल्या आणि घर-संसाराच्या मासिकातून बाईच्या हक्कांची भाषा अधिक ठाम झाली. नंतर त्या बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं, ते आजही निघतं. म्हणजे नांगराच्या जाहिरातीतून फुटलेली एक फांदी स्त्रीवादी मासिकापर्यंत गेली. लक्ष्मणरावांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी आधी आराखडा मागितला असता.

दुसरी धार याच कृष्णेच्या वरच्या अंगाला सापडते. पलूस तालुक्यात भिलवडीला वळसा घालणारी कृष्णा वाईवरून येते. त्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. १९७६ मध्ये पहिला खंड, पुढे एकूण वीस. अणूपासून अभंगापर्यंत, कावीळ ते कथकली, सगळं मराठीत. परिभाषा जड आहे, काही नोंदी आता जुन्या झाल्यात, पण तो आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेवर पुस्तकामागून पुस्तक लिहिलं आणि १९९८ पासून ‘साधना’ साप्ताहिकाचं संपादन केलं. पेशाने डॉक्टर, म्हणून रोग आणि दावा यातला फरक त्यांना चांगला माहीत. चमत्कार कसा होतो ते कार्यकर्ते गावोगाव करून दाखवायचे, म्हणजे नांगर रानात चालवून दाखवण्याचाच प्रकार. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घालून मारलं.

‘किर्लोस्कर’चे जुने अंक अजून एखाद्या वाचनालयाच्या माळ्यावर किंवा रद्दीच्या दुकानात सापडतात. सापडला तर लेखांआधी जाहिराती वाचा. साबण, टॉनिक, शिलाई यंत्र, नांगर. कुठली वस्तू विकताना वाचकाच्या कुठल्या शंकेला उत्तर दिलंय ते बघा. मग लेखांकडे वळा.